चारही भिंती मोजल्या, तरी खोलीचं क्षेत्रफळ जुळेना

कोपऱ्यातली_खोली (शनिवार, रात्री १०.५०)

मंडळी, भूमिती आणि पैसे एकत्र अडकलेत, म्हणून सल्ला हवाय.

गिरगावात आमची जुनी खोली आहे. गल्ली जिथे वळते तिथे इमारतही वळते आणि आमची खोली नेमकी त्या वळणावर. म्हणजे भिंती चारच, पण खोली सरळ नाही. आजोबांच्या वेळची शहाबादी फरशी उखडून परवा टाईल्स बसवल्या. मजुरी ठरली होती चौरस फुटाला ४५ रुपये. काम झकास झालंय, त्याबद्दल चकार शब्द नाही. भांडण बिलावरून आहे.

मापं अशी: दाराची भिंत ९ फूट, आत शिरल्यावर उजवीकडची १२, समोरची गॅलरीची १३, डावीकडची १४. इंचाची थोडी ओढाताण आहे, ती सोडून देतो.

मिस्त्रींनी आधी १३ गुणिले १४ करून १८२ लावले. म्हणे मोठी बाजू धरायची पद्धत आहे. मी आवाज चढवल्यावर समोरासमोरच्या भिंतींची सरासरी काढली. ९ आणि १३ चे ११, १२ आणि १४ चे १३, म्हणून १४३. 'आता तुमचंही राहिलं, माझंही राहिलं.' चिरंजीव आठवीत आहेत. त्यांनी परिमिती काढली ४८, तिला चारने भागून आले १२, बाराचा वर्ग १४४. म्हणजे पोराने बापाचा खड्डा एक फुटाने वाढवूनच दिला. सौ.चं म्हणणं, लहान बाजू धरा, ९ गुणिले १२, झाले १०८.

खोली एक, उत्तरं चार. खरं कुठलं?

डबलडेकर (रात्री ११.०५)

वहिनींचं. धागा बंद करा.

मी_परळची (रात्री ११.२०)

मला सरासरीचं पटतंय. समोरासमोरच्या भिंती सारख्या नसतील तर मधलं माप घ्यायचं, यात चुकलं काय? आमच्याकडे रंगवाल्यानेही असंच केलं होतं.

ओळंबा (रात्री ११.४०)

तीस वर्षं साईटवर काढली, म्हणून आधी एकच विचारतो. कर्ण मोजलात का?

नुसत्या चार भिंती मोजून चौकोनाचं क्षेत्रफळ निघत नाही. सरासरी काढा नाहीतर आणखी काही करा, निघतच नाही. गिरगावात राहता, म्हणजे जुन्या लिफ्टचं जाळीचं सरकतं दार पाहिलं असेल. त्या जाळीतल्या एका चौकोनाकडे बघत दार उघडा. पट्ट्या लोखंडाच्या आहेत, त्यांची लांबी सूतभरही बदलत नाही. तरी दार लावलेलं असताना चौकोन ऐसपैस असतो आणि उघडलं की मिटून काडीएवढा होतो. चारही बाजू त्याच, आतली जागा मात्र संपली.

तुमची खोली त्या जाळीतला एक चौकोन समजा. दार किती सरकवलंय ते कर्ण सांगतो. कर्ण कळला की चौकोन जागच्या जागी खिळतो, मग हिशेब दोन त्रिकोणांचा. त्रिकोण हलत नाही. म्हणून तर मांडवाला, कैचीला, क्रेनला सगळीकडे त्रिकोण असतात.

दाराच्या भिंतीचं डावं टोक ते गॅलरीच्या भिंतीचं उजवं टोक, जमिनीलगत टेप ताणून मोजा. मधे झोळ राहू देऊ नका.

कोपऱ्यातली_खोली (रात्री १२.१५)

मोजला. टेपचं एक टोक सौ.च्या अंगठ्याखाली, दुसरं माझ्या. पलंग भिंतीला लावावा लागला, खालच्या मजल्यावरून छताला काठीही ठोकून झाली. १५ फूट. जेमतेम, पण १५ च.

शाईपेन (रविवार, सकाळी ७.१०)

मी पालिकेच्या शाळेत गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. चहा थंड होईपर्यंत धागा वाचला. १५ आलं हे बघून तर कागदच पुढे ओढला.

पहिला त्रिकोण ९, १२, १५. गवंडी काटकोन तपासायला दोरीवर तीन, चार, पाचच्या खुणा करतो ना, त्याचीच ही तिप्पट. म्हणजे दाराजवळचा उजवा कोपरा गुण्यात आहे. क्षेत्रफळ ९ गुणिले १२ भागिले २, म्हणजे ५४. (वहिनींचे १०८ कुठून आले ते कळलं ना? बरोब्बर दुप्पट.)

दुसरा त्रिकोण १३, १४, १५. यात काटकोन नाही, म्हणून शाळेतलं हिरोचं सूत्र. तिन्ही बाजूंची बेरीज ४२, तिची निम्मी २१. एकवीसमधून एकेक बाजू वजा केली की ८, ७, ६. आता २१ × ८ × ७ × ६ = ७०५६. याचं वर्गमूळ ८४, पूर्ण.

५४ अधिक ८४, एकूण १३८ चौरस फूट.

परिमितीबद्दलही सांगते, कारण चिरंजीवांची चूक माझ्या वर्गात दरवर्षी किमान दहा मुलं करायची. परिमिती म्हणजे कुंपण, क्षेत्रफळ म्हणजे कुंपणाच्या आतली जागा. ४८ फूट कुंपणात १२ बाय १२ ची खोली बसते, १४४ ची. त्याच ४८ फुटांत २० बाय ४ चा बोळ बसतो, ८० चा. आणि २३ बाय १ चीही पट्टी बसते, तिचे २३. चौकोनांत सगळ्यात जास्त जागा चौरसात मिळते. चिरंजीवांनी नकळत बाबांच्या खोलीचा चौरस करून टाकला.

मिस्त्रींना हे सांगा: ४८ फूट भिंत कशीही वळवली, अगदी गोल केली, तरी आत जेमतेम १८३ चौरस फूट मावतात. त्यांचे १८२ हवे असतील तर गिरगावात घुमटाखाली राहावं लागेल.

डबलडेकर (सकाळी ७.३०)

बाई, हा हिरो कुठल्या सिनेमातला?

शाईपेन (सकाळी ७.४५)

अलेक्झांड्रियाचा, पहिल्या शतकातला. बाकावर उभे राहा.

तिरपांगडा (सकाळी ९.००)

१३८ मान्य. पण सरासरीचे १४३ आले, फरक पाचच फुटांचा. ४५ च्या दराने २२५ रुपये. एवढ्यासाठी कर्ण आणि हिरो? शिवाय सरासरी कधी जास्त येईल, कधी कमी, सरतेशेवटी सारखंच.

शाईपेन (सकाळी ९.४०)

सारखं होत नाही, तीच तर गंमत. सरासरीची पद्धत कमी उत्तर कधीच देत नाही. खोली पक्की आयताकृती असेल तर बरोबर, नाहीतर जास्त. चारही बाजू १०-१० फूट असलेली खोली घ्या. सरासरी डोळे मिटून १०० म्हणते. ती खोली ६० अंशांत कलली असेल तर खरं क्षेत्रफळ ८६.६ असतं. ३० अंशांत कलली तर ५०. सरासरी तरीही १०० वर ठाम.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं असंही नाही. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ही सरासरीची रीत 'स्थूल' म्हणून सांगितली आणि लगेच सूक्ष्म रीतही दिली. बाजूंच्या बेरजेची निम्मी घ्या, तिच्यातून एकेक बाजू वजा करा, चारही उरलेल्या संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. आपल्या खोलीसाठी निम्मी बेरीज २४, उरतात १५, १२, ११, १०. गुणाकार १९८००, वर्गमूळ सुमारे १४०.७.

पण ही रीत ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात त्याच चौकोनाला चालते. आपली खोली तशी नाही, म्हणून १३८ आणि १४०.७ यांत फरक पडला. तरी हा आकडा कामाचा आहे, कारण या चार भिंती जाळीच्या दारासारख्या कशाही सरकवल्या तरी त्यांची कमाल तेवढीच. म्हणजे १४३ आणि १४४ ही उत्तरं नुसती चुकीची नाहीत. ९, १२, १३, १४ फुटी भिंतींची तेवढी मोठी खोली जगात कुठेच बांधता येणार नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास तर ओळंबा साहेबांचाच प्रश्न विचारलाय. कर्ण किंवा लंब दिल्याशिवाय चौकोनाचं ठरावीक क्षेत्रफळ विचारणारा पिशाच म्हणायचा, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा. शब्द त्यांचाच बरं का, मी आपली बाकावर उभं करण्यापुरती.

डबलडेकर (सकाळी ९.४५)

म्हणजे धागाकर्ते पिशाच आणि मिस्त्री महापिशाच. गिरगावात वस्ती वाढली.

ओळंबा (सकाळी १०.३०)

मिस्त्रींची बाजू मांडतो. १८२ लावणं ही लबाडी. पण १४३ ही लबाडी नाही, उस्तादाने शिकवलं तसं तो करतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांना कर्ण फक्त चौक गुण्यात आणायला माहीत आहे. दोन्ही कर्ण सारखे आले की खूष. क्षेत्रफळासाठी कुणी धरत नाही.

धागाकर्त्यांनी एक घोळ मात्र करू नये. मजुरी बसवलेल्या फरशीची असते, टाईल विकत घेताना वेस्टेज वेगळं धरायचं. ज्याला दोन बाय दोन म्हणतात ती टाईल खरी ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. पेटीत चार, एका पेटीत १.४४ चौरस मीटर, साधारण साडेपंधरा चौरस फूट. १३८ ला नऊ पेट्या काठोकाठ पुरतात. पण तुमच्या खोलीचा गॅलरीकडचा डावा कोपरा मला ६५-७० अंशांचा वाटतोय. तिथे प्रत्येक टाईल तिरकी कापावी लागली असणार आणि कापलेला तुकडा दुसरीकडे लागत नाही. दहा पेट्या आणल्या असतील तर कुरकुर करू नका.

स्कर्टिंगचा हिशेब रनिंग फुटात. इथे चिरंजीवांची परिमिती कामाला येते. ४८ मधून दोन दारांचे तीन-तीन फूट गेले, ४२ उरले. रंगाच्या वेळीही तेच, परिमिती गुणिले उंची. गुण्यात असो-नसो, भिंतीला फरक पडत नाही.

कोपऱ्यातली_खोली (सकाळी ११.००)

दहाच आणल्या होत्या. उंची ११ फूट आहे. ४८ गुणिले ११, ५२८, त्यातून सात फुटी दोन दारांचे ४२ गेले, ४८६. दिवाळीच्या आधी रंगवाला येईल तेव्हा हा आकडा भिंतीवरच लिहून ठेवतो.

रेती_खडी (दुपारी १२.१५)

अवांतर आहे, पण विचारून घेतो. नव्या फ्लॅटच्या करारात कार्पेट ३८ चौरस मीटर लिहिलंय. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून मी ३.२८ ने गुणलं तर १२५ चौरस फूट आले. घरी रडारड झाली.

ओळंबा (दुपारी १२.२५)

रडू नका. लांबीला ३.२८, क्षेत्रफळाला ३.२८ दोनदा, म्हणजे १०.७६४. ४०९ चौरस फूट आहेत. घनफळाला तिनदा, एक घनमीटरचे ३५.३ घनफूट. तुमच्या नावातल्या रेतीचा ब्रास १०० घनफुटांचा, तो २.८३ घनमीटर होतो. आणि रेराच्या कार्पेटमध्ये खोल्यांमधल्या आतल्या भिंतींची जागा धरलेली असते, बाल्कनी धरलेली नसते. टेपने मोजायला जाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

मी_परळची (दुपारी ३.१०)

गावाच्या जमिनीचा गुंठा यात कुठे बसतो?

शाईपेन (दुपारी ३.४०)

३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. मुंबईकराने असं लक्षात ठेवावं: क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. अर्धी खेळपट्टी लांब आणि तेवढीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे चाळीस झाले की एकर.

परळच्या बाईंच्या मुलीला घनफळ आहे का यंदा? असेल तर एक खेळ सांगते, मी वर्गात करायचे. झेरॉक्सचे दोन कोरे कागद घ्या, २१ बाय २९.७ सेंटिमीटरचे. एकाचं उभं नळकांडं करा, दुसऱ्याचं आडवं. कडा एकमेकींवर न चढवता वरून चिकटपट्टी. कागद तेवढाच, म्हणजे बाजूचं पृष्ठफळ दोन्हीचं एकच. आता ताटात उभी करून तांदूळ भरा. भरण्याआधी मुलीला विचारा, कशात जास्त मावतील?

मी_परळची (रात्री ८.५५)

केलं! लेक म्हणाली दोन्हीत सारखे. सासूबाई म्हणाल्या उंच नळकांड्यात. उंच भरलं, मग तेच तांदूळ बुटक्यात ओतले, तर वर चांगली चार बोटांहून जास्त जागा रिकामी. पुन्हा तांदूळ आणावे लागले. अर्धे ओट्यावर सांडले ते वेगळंच. असं का होतं?

शाईपेन (रात्री ९.२०)

घनफळ म्हणजे तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. उंची एकदाच गुणली जाते, पण त्रिज्या तळात दोनदा येते. बुटक्याची उंची घटली, त्रिज्या मात्र त्याच पटीत वाढून दोनदा मोजली गेली. उंचात साधारण १०४० घनसेंटिमीटर, बुटक्यात १४७०. म्हणून रुंद पातेलं बुटकं दिसलं तरी त्यातली आमटी संपता संपत नाही.

कोपऱ्यातली_खोली (रात्री ९.५०)

घनफळाचं निघालंच आहे तर विचारतो. पोटमाळ्यावर पाण्याची टाकी ठेवायचा विचार आहे. पाणी पहाटे येतं आणि तासाभरात जातं. ३ फूट बाय २ फूट बाय २ फूट अशी पत्र्याची करून मिळते. तिरक्या खोलीचा इथे काही संबंध?

ओळंबा (रात्री १०.०५)

खोलीचा नाही, पोटमाळ्याचा आहे. ३ × २ × २ = १२ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे ३४० लिटर. एक लिटर पाणी एक किलो. टाकीचं वजन सोडा, नुसतं पाणीच ३४० किलो. पाच माणसं पोटमाळ्यावर कायमची बसवल्यासारखं आहे. तीही सहा चौरस फुटांत, मांडीला मांडी लावून. जुने सागवानी वाशे असतील, वाळवी लागलेली असेल. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय ठेवू नका. आणि 'थोडी मोठी करू' म्हणून तिन्ही मापं दुप्पट केलीत तर पाणी दुप्पट होत नाही, आठपट होतं. २७१८ लिटर. खाली पलंग कुणाचा आहे?

कोपऱ्यातली_खोली (रात्री १०.१०)

माझाच. टाकी रद्द. पिंप बरं.

डबलडेकर (रात्री १०.२५)

पाण्याचा विषय निघालाच आहे तर २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. तेवढा पाऊस या खोलीएवढ्या गच्चीवर पडला असता तर किती पाणी?

शाईपेन (रात्री १०.४०)

बसा खाली, प्रश्न चांगला आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. १३८ चौरस फुटांचे १२.८२ चौरस मीटर. गुणिले ९४४, सुमारे १२१०० लिटर. एका खोलीएवढ्या जागेवर दहा हजार लिटरचा टँकर भरून वर दोन हजार.

कोपऱ्यातली_खोली (सोमवार, रात्री ९.३०)

निकाल कळवतो. संध्याकाळी मिस्त्रींना बोलावलं. बाईंचा हिशेब वाचून दाखवला, त्यांचा चेहरा कोरा. मग लिफ्टपाशी घेऊन गेलो आणि जाळी सरकवून दाखवली. दोनदा स्वतः सरकवली, मग म्हणाले, 'कर्ण परत मोजू.' आम्ही पुन्हा खोलीत. त्यांनी बाईंचा कर्ण मोजला नाही, उलटा मोजला, दाराच्या उजव्या टोकापासून गॅलरीच्या डाव्या टोकापर्यंत. १८ फूट पावणेआठ इंच. म्हणाले, यावरून काढा, तेच उत्तर आलं तर मानतो.

चिरंजीव कॅल्क्युलेटर घेऊन बसले. एकीकडे ९, १४ आणि हा कर्ण, सुमारे साडेसाठ. दुसरीकडे १२, १३ आणि हाच कर्ण, सुमारे साडेसत्याहत्तर. बेरीज १३८.

बिल ६२१० रुपये झालं, मूळ बिलापेक्षा १९८० ने कमी. स्कर्टिंगचे ४२ फूट त्यांनी आधी लावलेच नव्हते, ते मी आठवण करून दिली. सौ. अजून बोलत नाहीये.

रविवारी सुतार येतोय, गॅलरीकडच्या त्या निमुळत्या कोपऱ्यात कपाट करायचंय. त्याला काय मोजून देऊ?

ओळंबा (रात्री ९.५०)

काहीही मोजून देऊ नका. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा त्या कोपऱ्यात जमिनीवर घट्ट बसेल असा कापा आणि तो त्याच्या हातात द्या. खाली एक, कमरेच्या उंचीला एक. तुमच्या भिंती ओळंब्यातही नसणार.